जागा मागू नका, काम विचारा

प्रश्न : नमस्कार सर, मी एका व्यवसाय प्रशिक्षण संस्थेत लेखा विषय शिकवते. या सत्रापासून इंटर्नशिपचं काम माझ्याकडे आलं आहे. तास कमी झालेले नाहीत, त्यांच्यावर हे वाढलंय. लेखा, विद्युत देखभाल आणि ऑफिस व्यवस्थापन या तीन अभ्यासक्रमांचे मिळून 64 विद्यार्थी आहेत आणि प्रत्येकाला 8 आठवडे प्रत्यक्ष कामावर पाठवणं बंधनकारक आहे. आधीच्या समन्वयकांनी 140 कंपन्यांची एक्सेल फाइल दिली. सगळ्यांना ईमेल केले. 9 उत्तरं आली, त्यात 3 होकार. एका कंपनीने गेल्या वर्षीच्या दोन मुलांचा अनुभव सांगून ‘पुन्हा पाठवू नका’ असं कळवलं. दुसरी एक कंपनी एकदम 12 जणांना घ्यायला तयार आहे, पण विद्यावेतन देणार नाही. प्राचार्य म्हणतात, लगेच हो म्हणा, आकडा तर पूर्ण होऊ दे. पालक विचारतात, कंपनी नावाजलेली आहे ना? शिवाय गेल्या तुकडीतली एक मुलगी दहाव्या दिवशीच परत आली होती, ‘नुसत्या फायली लावायला सांगतात’ म्हणून. तिचं प्रमाणपत्र अजून अडकलेलं आहे. सुरुवात कुठून करू?
— एक समन्वयक शिक्षिका

उत्तर : नमस्कार मॅडम,

140 ईमेलना 9 उत्तरं आली याचं फार वाईट वाटून घेऊ नका. तुमचा ईमेल मी वाचलेला नाही, पण असे ईमेल साधारण एकाच साच्यातले असतात. आमची संस्था अमुक साली स्थापन झाली, आमचे विद्यार्थी होतकरू आहेत, आपल्या नामवंत आस्थापनेत त्यांना अनुभवाची संधी द्यावी ही नम्र विनंती. वाचणाऱ्याला यातून एवढंच कळतं की कुणीतरी आपल्याकडे एक खुर्ची मागतंय. खुर्ची काय, कुठेही निघते. निघत नाही तो तिच्याशेजारी बसून शिकवणाऱ्या माणसाचा वेळ, आणि त्याबद्दल ईमेलात अवाक्षर नसतं.

म्हणून ती एक्सेल फाइल थोडे दिवस बाजूला ठेवा. कंपन्यांच्या मागे लागण्याऐवजी माणसं शोधा. इंटर्नशिप चांगली झाली की वाईट, हे ठरतं ते विद्यार्थी ज्याच्या हाताखाली जाणार आहे त्या एका सुपरवायझरवर. मोठ्या नावाच्या कंपनीत वैतागलेला सुपरवायझर मिळाला तर मुलगा आठ आठवडे भिंतीकडे बघत बसतो, आणि सात माणसांच्या छोट्या फर्ममध्ये समजावून सांगायची हौस असलेला माणूस भेटला तर तोच मुलगा काम शिकून येतो. एचआरला मी टाळा म्हणत नाही. कागदपत्रांवर सही त्यांचीच लागणार आहे. पण विद्यार्थ्याचा भार एचआरवर पडत नसतो, त्यामुळे त्यांचा होकार अर्धाच असतो. आधी विभागात हो म्हणणारं कुणीतरी हवं, मग एचआर.

ही माणसं सापडतात कुठे? पहिलं ठिकाण म्हणजे तुमचे तीन-चार वर्षांपूर्वी बाहेर पडलेले विद्यार्थी. मोठ्या हुद्द्यावर पोहोचलेले, संमेलनात सत्कार होणारे नकोत, आत्ता ज्यांच्या टेबलावर कामाचा ढीग आहे ते. कुठलं काम रखडलंय आणि ऑफिसात कोण नीट शिकवतं, या दोन्ही गोष्टी त्यांना पक्क्या माहीत असतात. दुसरं ठिकाण आपल्या नजरेतून नेहमी सुटतं : तुमची संस्था स्वतः ज्यांची गिऱ्हाईक आहे ती मंडळी. संस्थेचे हिशेब तपासणारी फर्म, वायरिंगची देखभाल करणारा कंत्राटदार, जनरेटर किंवा लिफ्टच्या देखभालीचा करार ज्याच्याकडे आहे तो. संस्था त्यांना दरवर्षी पैसे देते, त्यामुळे तुमचा फोन ते नक्की उचलतात. मात्र ओळखीचा दबाव टाकून घेतलेली जागा टिकत नाही. दार उघडेपर्यंतच ओळख वापरा.

फोनवर ‘आमच्या किती मुलांना घ्याल’ हे विचारूच नका. विचारा, ‘तुमच्याकडे असं कुठलं काम आहे, जे व्हायला हवं पण कुणालाच सवड होत नाही?’ बहुतेक ठिकाणी असं काम असतं. पुरवठादारांची खाती आणि बिलं यांची जुळणी महिनोन् महिने रखडलेली असते. स्टोअरमधल्या सुट्या भागांची मोजणी करून त्यांना लेबलं लावायची राहिलेली असतात. पॅनेल बोर्डाचा आराखडा कागदावर एक आणि प्रत्यक्षात दुसराच असतो. देखभालीच्या नोंदी वहीत असतात, संगणकावर चढवलेल्या नसतात. यातलं प्रत्येक काम प्रशिक्षणार्थ्याला झेपणारं आहे, त्यातून तो शिकतो, आणि समोरच्यालाही वाटतं की काहीतरी मार्गी लागेल.

मग दुसरा प्रश्न : ‘पहिल्या दिवशी तो आला की कुणाला भेटेल, आणि पहिल्या आठवड्यात काय करेल?’ यावर ‘येऊ द्या हो, बघू काहीतरी’ असं उत्तर आलं, तर तिथे विद्यार्थी पाठवू नका. कितीही मोठी कंपनी असो. तुमची दहाव्या दिवशी परत आलेली मुलगी बहुधा अशाच ‘बघू काहीतरी’मधून आली असणार.

होकार मिळायच्या आधी मालकाच्या किंवा विभागप्रमुखाच्या मनात चार-पाच शंका असतात. तो त्या बोलून दाखवत नाही, ‘सध्या जमणार नाही’ म्हणून मोकळा होतो. आमच्या जुन्याजाणत्या माणसाचा वेळ जाईल. मुलाला इजा झाली तर जबाबदार कोण? आतली माहिती बाहेर गेली तर? महागडं यंत्र बिघडवलं तर? आणि निम्म्यातच सोडून गेला तर? या शंकांची उत्तरं एका पानावर लिहून भेटीआधी पाठवा. तारखा आणि वेळ, विद्यार्थ्याला आज काय काय करता येतं, काय अजिबात येत नाही, विमा कुणाचा आहे, गोपनीयतेच्या हमीपत्रावर तो सही करणार आहे का, अडचण आली तर संस्थेतल्या कुणाला कुठल्या नंबरवर फोन करायचा, आणि तुमच्याकडून नेमकं काय हवंय : आठवड्यातून अर्धा तास शांत बसून बोलणं आणि शेवटी एक अभिप्राय. ‘काय येत नाही’ हे लिहायला संस्था घाबरतात. बिनधास्त लिहा. ‘जिवंत लाइनवर काम करायची परवानगी नाही, देखरेखीखाली बंद पॅनेलवर काम करू शकतो’ हे वाक्य वाचून विद्युत विभागाचा प्रमुख जितका निश्चिंत होईल, तितका तो ‘होतकरू’ या विशेषणाने होणार नाही.

वेळेचं एक सांगतो. आठ आठवडे सुरू व्हायच्या तीन-चार महिने आधी बोलणी सुरू करा आणि त्या-त्या धंद्याचा हंगाम विचारून घ्या. हिशेब तपासणाऱ्या फर्मला वर्षअखेरीच्या धांदलीत नवखा माणूस डोकेदुखी वाटतो, पण काहींना नेमके तेव्हाच हात हवे असतात. देखभालीवाल्यांना कारखाना वार्षिक दुरुस्तीसाठी बंद असतो तो काळ शिकवायला उत्तम, कारण यंत्रं उघडलेली असतात. अंदाज बांधत बसू नका, त्यांनाच विचारा.

आता त्या 12 जागा. प्राचार्यांची अडचण मला समजते, आकडा त्यांना वर दाखवायचा असतो. पण हो म्हणायच्या आधी त्या कंपनीला एक साधी गोष्ट विचारा : हे 12 जण आले नाहीत तर ते काम कोण करणार? ‘मग माणसं लावावी लागतील’ असं उत्तर आलं, तर ती फुकटची मजुरी आहे, इंटर्नशिप नव्हे. ही कसोटी माझ्या मनातली नाही. अमेरिकेतल्या एका अपील न्यायालयाने 2015 मध्ये बिनपगारी इंटर्नच्या खटल्यात पाहण्याच्या ज्या सात गोष्टी सांगितल्या, त्यातली एक हीच होती : इंटर्नचं काम पगारी कर्मचाऱ्याच्या कामाला पूरक आहे, की त्याची जागा घेतंय?

फ्रान्समध्ये तर आकड्यांनाच कायद्याने लगाम घातलाय. तिथे एका मार्गदर्शकाच्या हाताखाली एका वेळी तीनच इंटर्न ठेवता येतात. 20 किंवा त्याहून जास्त माणसं असलेल्या आस्थापनेत इंटर्नची संख्या सर्वसाधारणपणे मनुष्यबळाच्या 15 टक्क्यांपुरती मर्यादित असते, आणि इंटर्नशिप दोन महिन्यांहून लांबली की मोबदला द्यावाच लागतो. तुमच्याकडचा कायदा वेगळा असेल, तो आधी नीट वाचून घ्या. पण एका मार्गदर्शकाला तीनच, हे प्रमाण तुम्ही स्वतःहून पाळायला हरकत नाही. त्या कंपनीला सांगा, 12 जण हवेत तर चार मार्गदर्शकांची नावं द्या. नावं आली तर पुढचं बोलू. नाही आली, तर तीन पाठवा. ‘चार नावं मिळाली की बाराच्या बारा पाठवते’ हे प्राचार्यांनाही सांगता येतं, तुम्ही नकार दिलाय असं होत नाही.

विद्यावेतनावरून मी ताठर नाही, छोट्या फर्मला खरंच परवडत नसतं. मात्र जायचा-यायचा आणि जेवणाचा खर्च तरी मागाच. नाहीतर ज्या विद्यार्थ्याला संध्याकाळी दुसरीकडे राबून घर चालवावं लागतं, तो आठ आठवड्यांत मोडून पडतो, आणि शेरा येतो ‘अनियमित’.

तरी 64 जागा कुठून आणायच्या, हा प्रश्न उरतोच. सगळ्यांना एकाच वेळी पाठवायचं, ही सक्ती अभ्यासक्रमात खरोखर लिहिलेली आहे की नुसती परंपरा आहे, ते तपासा. बऱ्याचदा परंपराच असते. अमेरिकेतल्या सिनसिनाटी विद्यापीठात प्राध्यापक हर्मन श्नायडर यांनी 1906 मध्ये 27 अभियांत्रिकी विद्यार्थ्यांना घेऊन कारखाना आणि वर्ग यांची सांगड घातली. एक गट आठवडाभर कामावर, दुसरा वर्गात आणि पुढच्या आठवड्यात अदलाबदल. कारखान्याच्या दृष्टीने यात मोठी सोय होती : एकाच कामावर दोन विद्यार्थी आलटून-पालटून असल्याने ते काम कधी रिकामं पडत नसे. शंभरहून जास्त वर्षं झाली तरी ही युक्ती जुनी झालेली नाही. तुमच्या 64 जणांच्या 32 जोड्या लावल्या, तर जागा निम्म्याच लागतील. सत्र लांबेल, वेळापत्रकवाले कुरकुरतील, पण सुपरवायझरला एकाच वेळी दोन नवखी मुलं सांभाळावी लागणार नाहीत, आणि जोडीतला एक जण आजारी पडला तर कामाची माहिती असलेला दुसरा असेल. सोमवारी बदली होताना आधीच्याने काय कुठपर्यंत केलं ते लिहून द्यायचं, ही सवयही लागते. ती कुठल्याही पेपरात तपासली जात नाही.

‘पुन्हा पाठवू नका’ म्हणणाऱ्या कंपनीकडे प्रत्यक्ष जा. काही मागायला जाऊ नका, सोबत यादी, बायोडेटा, काही नको. ‘गेल्या वर्षी काय झालं ते समजून घ्यायला आले’ एवढंच म्हणा आणि ऐकून घ्या. बचाव करू नका, मुलांची बाजू असली तरी त्या दिवशी नको. बहुतेक वेळा रागाचं कारण मुलांची चूक हे नसतंच. चूक झाल्यावर संस्थेकडून कुणी फोन उचलला नाही, याचा राग असतो. परत आल्यावर त्यांनी सांगितलेल्यापैकी काय बदललं ते दोन ओळीत कळवा. या वर्षी तिथून जागा मिळणार नाही, पुढच्या वर्षीची शक्यता आहे.

कागदपत्रांत एक गोष्ट सोडू नका : विद्यार्थी, आस्थापना आणि संस्था अशा तिघांच्या सह्यांचा करार. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने 2023 मध्ये शिकाऊ उमेदवारीबद्दल जी शिफारस, क्रमांक 208, स्वीकारली तिचाही भर लेखी करारावर आहे. कामाचे तास, विमा, कामाचं स्वरूप, मार्गदर्शकाचं नाव आणि मध्येच थांबायची वेळ आली तर काय करायचं, हे सगळं त्यात हवं. 18 वर्षांखालची मुलं असतील तर धोकादायक कामं कोणती, ती नावं घेऊन वगळा.

आणि तक्रारीसाठी सुपरवायझर सोडून दुसऱ्या एका माणसाचं नाव. हे शेवटचं वाक्य करारात घालायला लोक संकोचतात, ‘आपण त्यांच्यावर संशय घेतोय असं वाटेल’ म्हणतात. अमेरिकेत एका सामाजिक कार्याच्या विद्यार्थिनीने इंटर्नशिपच्या ठिकाणी झालेल्या लैंगिक छळाबद्दल दावा केला, तेव्हा 1997 मध्ये न्यायालयाने सांगितलं की तिला पगार मिळत नव्हता, म्हणून ती कर्मचारी नाही, म्हणून नोकरीतल्या भेदभावाविरुद्धच्या कायद्याचं संरक्षण तिला नाही. न्यूयॉर्क शहराने बिनपगारी इंटर्नना आपल्या भेदभावविरोधी कायद्यात घेतलं ते 2014 मध्ये. कामाच्या ठिकाणच्या हिंसा आणि छळाविषयीच्या आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्याच 2019 च्या करारात, म्हणजे क्रमांक 190 मध्ये, इंटर्न आणि शिकाऊ उमेदवारांचा नाव घेऊन उल्लेख आहे. उल्लेख करावा लागला, यातच सगळं आलं. विद्यार्थी हा ऑफिसातला सगळ्यात नवा, सगळ्यात लहान आणि शेवटच्या अभिप्रायासाठी सगळ्यात लाचार माणूस असतो. तुमच्या संकोचाची किंमत त्याने का मोजावी?

कुणाला कुठे पाठवायचं, हे ठरवताना गुणांची यादी वरून खाली वाचत जाऊ नका. घर ते कामाचं ठिकाण किती लांब, घरी कुणाची देखभाल करावी लागते का, फोनवर बोलायला कचरतो का, एकट्याने काम करायला आवडतं का, हे विचारा. कुणाला काही अपंगत्व किंवा आजार असेल, तर ते मालकाला किती सांगायचं हे त्या विद्यार्थ्याशी बोलून ठरवा, परस्पर सांगू नका. शक्य असेल तिथे एका जागेसाठी दोघा-तिघांच्या मुलाखती होऊ द्या. आपण निवडलेल्या मुलाला शिकवताना सुपरवायझर जास्त जीव लावतो. फक्त तीच तीन-चार मुलं सगळीकडून नाकारली जात नाहीत ना, याकडे लक्ष असू द्या. त्यांच्यासाठी तुमच्या सगळ्यात भरवशाच्या सुपरवायझरकडच्या जागा आधीच राखून ठेवा आणि तिथे मुलाखतीची अट घालू नका.

पालकांचा नावाजलेल्या कंपनीचा आग्रह सुटणार नाही. त्यांच्याशी वाद घालू नका. विद्यार्थी तिथे कोणतं काम करणार आहे, ते काम लिहिलेला कागद त्यांच्या हातात द्या आणि विषय सोडून द्या.

आता भेटी. बहुतेक संस्था शेवटच्या आठवड्यात जातात, फोटो काढतात, चहा घेतात, परत येतात. त्या भेटीचा कुणाला काही उपयोग नसतो, तेव्हा बदलण्यासारखं काही उरलेलंच नसतं. तिसऱ्या दिवशी विद्यार्थ्याला फोन करा, दुसऱ्या आठवड्यात प्रत्यक्ष जा. त्याची बसायची जागा बघा. त्याच्याशी एकट्याशी, शक्यतो त्या इमारतीबाहेर बोला. सुपरवायझरला विचारा, ‘पुढच्या आठवड्यात याला काय नवीन देणार?’ या एका प्रश्नाने फायली लावणं संपून खात्यांची जुळणी सुरू होते, असा माझा अनुभव आहे. तुम्ही एकट्या 64 ठिकाणी जाऊ शकणार नाही. प्राचार्यांना आकडा हवा असेल, तर त्यांच्याकडून दोन सहकारी आणि प्रवासखर्च मागून घ्या, आणि तेही लेखी.

रोजनिशी आखीव फॉर्मवर नको. विद्यार्थी सहीसाठी एका बैठकीत आठ आठवड्यांचं भरून टाकतात. रोज तीनच ओळी मागा : आज काय केलं, कुठे अडलं, कुणाला विचारलं. सलग चार दिवस ‘कुठे अडलं’समोर ‘कुठेही नाही’ दिसलं, की समजा त्याला काम दिलेलं नाही, आणि फोन उचला.

संपल्यावर ती एक्सेल फाइल पुन्हा उघडा आणि तिच्यात सुपरवायझरच्या नावाचा रकाना घाला. सुपरवायझर नोकरी बदलतो तेव्हा तुमची जुनी जागा डळमळते, पण तो जिथे जातो तिथे नवी उघडू शकते. त्याचा माग ठेवायला हवा.

राहिली ती दहाव्या दिवशी परत आलेली मुलगी. तिचं प्रमाणपत्र अडवून ठेवू नका, आणि आठ आठवडे केल्याचं खोटं प्रमाणपत्रही देऊ नका. तिला बोलावून त्या दहा दिवसांत काय काय झालं ते तिच्याकडून लिहून घ्या. कंपनीकडूनही दोन ओळी मागवा. काम दिलं नव्हतं असं दिसलं, तर कमी पडणं संस्थेचं आहे. तसं असेल तर तिला या तुकडीसोबत पहिल्या चांगल्या जागेवर पाठवा आणि ते दहा दिवस धरून उरलेला काळच पूर्ण करून घ्या. नियम आडवा येत असेल, तर परीक्षा विभागाकडे अर्ज तुम्ही करा, तिला रांगेत उभं करू नका. आणि रुजू व्हायच्या आधी तिला तिच्या नव्या सुपरवायझरचं नाव आणि पहिल्या आठवड्याचं काम कळलेलं असू द्या.